येशा गुळव्याचे तीन ठोके

"आबा, आज खाट वाजली न्हाई."

पारूवैनी एवढंच बोलली आणि गुऱ्हाळाच्या दाराला धरून उभी राहिली. हंगाम तोंडावर आला होता म्हणून मी चुलवाणाच्या तोंडाला माती लिंपत बसलो होतो. हात तसेच चिखलाचे घेऊन तिच्या मागनं गेलो. तिचं घर गुऱ्हाळाला लागूनच, मधी एक शेवग्याचं झाड. त्या घरातनं पाच वर्षं रोज सकाळी लोखंडी खाटेच्या दांडीवर अंगठीचा एक ठोका ऐकू यायचा. एक ठोका म्हणजे चहा आण. तो ऐकला की मी पण माझ्या घरात चहा मागायचो, इतकी सवय झाली होती. त्या दिवशी मला चहाची आठवण का झाली नाही, हे पारूवैनी दारात आली तेव्हा कळलं. येशा उताणा पडला होता. डावा हात दांडीवर, बोटातली तांब्याची अंगठी लोखंडाला टेकलेली... वाजवायचं तेवढं राहिलं होतं.

ह्याला आता दीड महिना झाला. पेपरात मोठ्या माणसांवर लिहून येतं. येशा तसा मोठा नव्हता, गुळव्या होता. काहिलीत उसाचा रस उकळताना गूळ कधी झाला आणि काहील कधी उतरवायची, हे ज्याला कळतं तो गुळव्या. पण शिराळा भागात ज्यानं ज्यानं वीस वर्षांत आमच्या गुऱ्हाळाचा गूळ खाल्ला, त्यानं येशाच्या हातचा खाल्ला आहे, म्हणून लिहितो. मी तिसरी शिकलेला. आमच्या गावच्या गुरुजींनी ह्यातला काना-मात्रा बघितलाय. शब्द बदलायचे नाहीत असं मी त्यांना आधीच सांगितलं होतं, आणि ते माझा स्वभाव ओळखून आहेत.

येशा मूळचा माणातला, दहिवडीच्या पुढचा. बहात्तरच्या दुष्काळात तो आणि पारू चालत चालत मोरणा नदीच्या काठी आमच्या गावात आली. अंगावरच्या कपड्याशिवाय काही नव्हतं. मी त्याला चुलवाणात जाळ घालायला ठेवला. दिवसभर वाळली चिपाडं भट्टीत ढकलायची, धुरानं डोळे लाल करून घ्यायचे, असलं ते काम. दुसऱ्या वर्षी माझा जुना गुळव्या माझ्याशी भांडून भर हंगामात निघून गेला. चूक त्याची होती, आजही म्हणतो. काहील तर रसानं भरलेली. तेव्हा हा जाळापुढनं उठला आणि म्हणाला, "आबा, मी उतरवतो."

मी म्हटलं, "तुझ्या बापानं कधी गूळ केलावता का रं?"

"न्हाई. बापानं मेंढरं राखली. पर कुठलं मेंढरू आजारी हाय ते आंधारात नुसत्या आवाजावर वळखायचा. काहिलीचं बी तसंच हाय. ती बोलती."

मला हसू आलं. पण त्यानं गार पाण्यात हात बुडवला, उकळत्या पाकात बोटं घालून चिमूटभर उचलला, परत पाण्यात धरून त्याची गोळी केली आणि काहिलीच्या काठावर मारली. टण्ण वाजली. त्या दिवसापासून एकवीस हंगाम त्यानं माझी काहील सांभाळली, आणि एक आधण करपू दिलं नाही. एका वेळच्या रसाला आम्ही आधण म्हणतो. आधण करपलं तर गूळ काळा पडतो आणि गुळव्याचं तोंडही.

घाण्याचं इंजिन सुरू असलं की बोललेलं कानावर येत नाही. म्हणून येशानं ठोक्यांची रीत पाडली. हातातल्या काठीनं काहिलीच्या काठावर एक ठोका म्हणजे जाळ वाढवा. दोन म्हणजे जाळ कमी करा. तीन ठोके म्हणजे काहील उतरवा, जो जिथं असेल त्यानं हातातलं टाकून धावायचं. तिथं मालक-गडी असं काही नाही. मी सरपंचाशी बोलत बसलो असलो तरी तीन ठोक्यांना उठायचो. सरपंच म्हणायचे, "आबा, गुळव्याला लय मान द्येता." मी सांगायचो, "त्याला न्हाई, काहिलीला." खरं तर त्यालाच देत होतो. मी जन्मात कुणाचं ऐकलं नाही, बापाचं नाही, सोसायटीच्या चेअरमनचं नाही. पण येशाचे तीन ठोके मी कधी मोडले नाहीत. एकदाच मोडले. ते शेवटी सांगतो, कारण सुरुवातीला सांगायचं माझ्यानं होत नाही.

किल्लारीला भूकंप झाला त्या हंगामातली गोष्ट. सकाळचं पहिलं आधण चढलेलं. येशाच्या उजव्या हातातनं काठी पडली. तो वाकला, पण बोटं काठीला धरीनात. माझ्याकडं बघून हसला, तर तोंड एका बाजूला गेलेलं. म्हणाला, "आबा, हात झोपलाय बगा." आणि तसाच बाजूला कलंडला. तिथं काकवीची घागर भरून ठेवली होती. ती त्याच्या अंगावर उपडी झाली. छाती, दोन्ही दंड, सगळं काकवीनं माखलं. तो सदऱ्याच्या बाह्या दंडापर्यंत गुंडाळून काम करायचा, त्या घड्या काकवीनं भरल्या. पुसायला वेळ कुणाला होता. आम्ही त्याला जीपमध्ये घातला आणि निघालो. मागं काहील जाळावर तशीच राहिली, सगळे गडी जीपला हात लावायला धावले होते. अर्ध्या वाटेवर येशा मागं बघत जड जिभेनं म्हणाला, "आधन करपंल..." मी म्हटलं, "करपू दे."

आता मी त्याला कुठं नेला ते ऐका. सरकारी दवाखाना जवळ होता. तिथं रांगेत बसावं लागतं. मी त्याला तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी डॉक्टरकडं नेला. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्या नव्या इमारतीच्या पूजेला आमच्या गुऱ्हाळाची पहिली ढेप मी स्वतः घेऊन गेलो होतो. डॉक्टर मला आबा म्हणायचे. मी गेलो की बाकीचे पेशंट बाकड्यावर असले तरी मला केबिनमध्ये खुर्ची द्यायचे. त्या खुर्चीचा मला अभिमान होता. आज लाज वाटते, पण होता.

डॉक्टरांनी येशाच्या डोळ्यांत बॅटरी मारली, जीभ बघितली. म्हणाले, "भट्टीची झळ लागलीय आबा, दुसरं काही नाही. सलाईन लावू. संध्याकाळपर्यंत पळायला लागेल बघा." कंपाउंडरनं त्याच्या डाव्या हाताच्या मनगटापाशी तेवढी काकवी कापसानं पुसली आणि सुई लावली. डॉक्टरांना कराडला लग्नाला जायचं होतं, ते गाडीत बसून गेले. मी खाटेजवळ स्टुलावर बसलो. दिवस मावळेपर्यंत उठलो नाही. पाणी प्यायलाही नाही. म्हणून सांगतो, मी जे बघितलं ते बघितलं, आणि जे झालं नाही ते झालं नाही.

दुपारपर्यंत त्याची बोटं जराशी हलायला लागली होती. मला वाटलं, डॉक्टर बरोबर बोलले. पण त्याचं डोकं फुटायला आलं होतं. "आबा, डोस्क्यात घाना चालल्यावानी हुतंय," म्हणाला. मी कंपाउंडरला सांगितलं. त्यानं एक गोळी दिली आणि परत पेपर वाचत बसला. मग येशाची बोली आणखी जड झाली, शेवटी बंदच झाली. तो नुसता बघायला लागला... मग पुढचं झालं, आणि तो डोळे फिरवून पडला. त्यानंतर उजवी बाजू सगळी गेली, हात, पाय, जीभ. दिवेलागणीला डॉक्टर लग्नाच्या कपड्यातच आले, बघितलं आणि म्हणाले, "वारं गेलं अंगावरनं. आता मिरजेला हलवा."

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नर्सबाईनं पहिल्यांदा काय केलं असेल तर रक्तदाब बघायचा पट्टा काढला. तो दंडाला बांधतात हे मला तेव्हा कळलं. तिला बांधता येईना. दिवसभरात काकवी वाळून बाही दंडाला चिकटली होती, कातड्यासकट ओढायला लागली. "हे काय आहे, आजोबा?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "काकवी हाय बाय." तिनं गरम पाण्याचे बोळे लावून लावून एक बाही सोडवली, दुसरी सरळ कात्रीनं कापली. मग पट्टा बांधला आणि आकडा बघून पळत डॉक्टरला बोलवायला गेली. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मला दुसऱ्या दिवशी समजावून सांगितलं. सकाळचा झटका लहान होता. रक्तदाब फार चढलेला होता. तो बघून तेव्हाच औषध सुरू केलं असतं, लगेच पाठवलं असतं, तर दुपारचा मोठा झटका टळण्याची पुष्कळ आशा होती. "सकाळी दवाखान्यात किती होता रक्तदाब?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बगितलाच न्हाई." ते म्हणाले, "असं कसं होईल?"

महिन्यानं त्या दवाखान्याचे कागद मिळाले. गुरुजींनी वाचून दाखवले. चार वेळा रक्तदाब तपासला म्हणून चार आकडे लिहिले होते, पुढं वेळ टाकून. मी गुरुजींना परत वाचायला लावलं. मग सदरा काढला. कापलेल्या बाहीसकट तो मी मिरजेहून पिशवीत घालून आणला होता, का ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. वाळलेली बाही पापडासारखी कडक होती. घडीवर घडी तशीच बसलेली.

मी डॉक्टरांकडं गेलो. खुर्ची पुढं केली, मी बसलो नाही. म्हटलं, "चार येळा पट्टा बांदला म्हंता. कवा बांदला?"

ते म्हणाले, "आबा, तुम्ही शेतकरी माणूस. यातलं तुम्हाला काय कळतं?"

"गुळातलं तुमाला कळत न्हाई. तरी करपल्याला कळतो न्हवं?"

गावानं मला शहाणपणा शिकवला. डॉक्टरशी वाकडं घेऊ नका, उद्या आपल्याच घरात कुणी पडलं तर कुठं जाणार. नशीब म्हणा. कुणी येशाच्या अंगाला चोळायला कबुतराचं रक्त चांगलं म्हणून जिवंत कबूतर घेऊन आलं. येशानं ते डाव्या हातात घेतलं, जरा वेळ त्याच्याकडं बघितलं, आणि खिडकीतनं सोडून दिलं. ते जाऊन आमच्या गुऱ्हाळाच्या पत्र्याखाली बसलं आणि तिथंच ऱ्हायलं. पारूवैनी म्हणायची, "ह्यांच्या अंगाला गुन आला न्हाई, पर आबाच्या पत्र्याला हगीनदारी आली." ह्यावर येशा डाव्या गालानं हसायचा. त्याचं तेवढंच हसू शिल्लक होतं.

त्याची खाट मी हंगामात गुऱ्हाळात आणून ठेवायचो. नवा गुळव्या शिवा म्हणून कराडकडचा. पहिल्या दिवशी शिवा अजून पाकाकडं बघत होता, तोवर खाटेवरनं ठोके आले... एक, दोन, तीन. शिवा चिडला. "म्हातारं काय बगून सांगतंय हितनं?" मी म्हटलं, "बगून न्हाई, ऐकून. उतरव." उतरवलं. ढेप अशी झाली की शिवानं दुसऱ्या दिवशी स्वतःच खाट काहिलीच्या जवळ ओढली. बोलता येत नाही, उठता येत नाही, चमच्यानं भरवलेलं अर्धं गालात साठतं, लघवीला पारूनं भांडं द्यायचं. अशा माणसाला त्या तीन ठोक्यांपुरतं लोक परत गुळव्या म्हणायचे. बाकीचा दिवस तो पत्र्याकडं बघत पडायचा. मी शेजारी बसायचो.

सांगलीच्या ग्राहक मंचात तीन वर्षं खेटे घातले. भरपाईचं मला सांगू नका, तो अर्ज पारूच्या नावानं होता आणि तिनं करायचं ते केलं. मला एक गोष्ट पाहिजे होती. त्या दंडाला पट्टा बांधला नव्हता, हे कुणीतरी शिक्का मारून लिहून द्यावं. डॉक्टरांच्या वकिलानं मला विचारलं, "तुम्ही किती शिकलात?"

"तिसरी. चवथीच्या वक्ताला म्हस व्याली."

सगळे हसले. वकील म्हणाला, "म्हणजे कागदावर लिहिलेलं तुम्हाला वाचता येत नाही, तरी ते खोटं आहे असं तुम्ही म्हणता?"

मी पिशवीतनं सदरा काढून टेबलावर ठेवला. पाठोपाठ दोन मुंग्या पण बाहेर आल्या. वकील बाजूला सरकला आणि म्हणाला, पट्टा सदऱ्यावरून बांधला होता. मी म्हटलं, "साहेब, वल्ल्या काकवीवर पट्टा चार येळा बांदला आन् चार येळा सोडला, तर ही घडी अशी ऱ्हाईल का? हात लावून बगा." मंचावर एक बाई होत्या. त्या उठून आल्या आणि त्यांनी खरंच बाहीला हात लावून बघितला. मग त्यांनी मिरजेचे कागद मागवले. त्या नर्सबाईनं त्या दिवशी भरती करताना दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या, की दोन्ही बाह्या काकवीनं दंडाला चिकटलेल्या, एक गरम पाण्यानं सोडवली, एक कापली. त्या बाईला माझी तक्रार ठाऊक नव्हती, आमचं गाव ठाऊक नव्हतं. तिनं आपलं काम म्हणून लिहिलं होतं.

निकालात लिहून आलं, की त्या दिवशी रोग्याचा रक्तदाब तपासलेला नाही, आकडे मागाहून भरलेले आहेत, आणि हा निष्काळजीपणा आहे. मी एस.टी.तनं उतरलो तो घरी न जाता तडक येशाकडं गेलो. गुरुजींना बोलवून घेतलं. त्यांनी खाटेजवळ उभं राहून सगळं वाचलं. वाटलं, आता हा डाव्या गालानं हसणार.

येशानं माझ्याकडं बघितलं. मग डावा हात दांडीवर नेला आणि हळूहळू वाजवलं. एक... दोन... तीन.

गुरुजींना काही कळलं नाही. पारूला वाटलं, त्याला गुऱ्हाळ आठवलं. मला कळलं.

आता ते सांगतो. मंचात मी हे सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही, आणि मी आपणहून बोललो नाही. त्या दिवशी दुपारी दवाखान्यात येशाची बोली बंद झाली तेव्हा त्यानं सलाईन लावलेल्या डाव्या हाताच्या अंगठीनं लोखंडी खाटेवर तीन ठोके दिले होते. माझ्याकडं बघून. उतरवा, आता, हातातलं टाकून. एकवीस हंगाम ज्या ठोक्यांना मी धावत आलो, तेच ठोके. जीप बाहेर उभी होती. मिरज तिथंच होती. मी म्हटलं, "गप पड रं. डाक्टर येत्यात." त्यानं परत वाजवलं. सुई हलंल म्हणून मी त्याचा हात धरला आणि खाली दाबला. दाबून धरला. माझ्या हाताखाली त्याची बोटं वाजायला बघत होती... मग थांबली.

जन्मभर कुणाचं न ऐकणारा मी, त्या एका दिवशी खुर्ची देणाऱ्या शिकलेल्या माणसाचं ऐकलं आणि येशाचं मोडलं. डॉक्टरांची चूक डॉक्टरांची, ती शिक्क्यानिशी लिहून आली आहे आणि तिच्यातला एक शब्द मी मागं घेणार नाही. ही माझी. हिला शिक्का मिळत नाही, म्हणून इथं लिहिली. निकाल वाचला त्या दिवशी खाटेवर येशानं मला बोल लावला, का आबा आता पुरं झालं असं सांगितलं, ते मला ठाऊक नाही. पुढं दोन वर्षं त्याच्या शेजारी बसून मी ते विचारलं नाही. त्याला सांगता आलं नसतं असं मी मनाला समजावत होतो. पण हो-नाही तर त्याला डोळ्यानं सांगता येत होतं.

डॉक्टरांनी निकालावर वर मुंबईला अपील केलं. ते अजून पडून आहे. वकील बजावत होता, सदरा जपून ठेवा, परत लागेल. येशा गेला त्या दिवशी त्याला न्यायची तयारी चालली होती तेव्हा पारूवैनी माझ्याजवळ आली. म्हणाली, "सदरा द्या आबा. त्येंचा हाय. त्येंच्यासंगं जाऊ द्या."

मी म्हटलं, "वैनी, कोर्टाला लागंल."

ती म्हणाली, "कोर्टाला किती दीस लागणार हाय अजून? त्येंच्या अंगावरची काकवी हाय ती. मला घरात नगं."

मी घरी जाऊन ट्रंक उघडली. मुंग्यांची रांग लागलेलीच होती. झटकल्या, आणि सदरा आणून तिच्या हातात दिला. तिनं तो कापलेल्या बाहीसकट त्याच्या छातीवर नीट पसरला. मोरणेच्या काठावर जाळ चढला तसा जमलेल्या सगळ्यांना वास आला... करपल्या गुळाचा. येशाच्या काहिलीनं हा वास कधी दिला नव्हता. एकदाच दिला होता, तो पडला त्या दिवशी, आणि तेव्हा आम्ही कुणी तिथं नव्हतो.

आता हंगाम सुरू झालाय. पारूवैनीनं ती अंगठी शिवाला दिली आणि शिवानं ती काठीच्या टोकाला बसवली. त्याचा ठोका आता येशासारखाच वाजतो. मला गुडघ्यानं चालवत नाही, काहिलीला हात लावायला कुणी बोलवत नाही. पण ओसरीवर जेवायला बसलेला असलो तरी तीन ठोके ऐकले की मी उठतो. सून म्हणते, "आवं मामा, घास तरी संपवा. मानसं हायत तितं उतरवायला."

हायत की. तरी मी ताट सारतो आणि जातो.